मागच्या बाकावरचे रणखांबे साहेब

रणखांबे साहेबांच्या घरात मोजून काही होत नसे. चहात साखर मार्थाकाकू मुठीनं घालायच्या, भाताला पाणी नजरेनं, आणि भाजीवाली दारात आली की साहेब स्वतः बाहेर येऊन म्हणायचे, "काटा ठिव बाजूला. अंदाजानं घाल."

भाजीवाली घाबरायची. हा माणूस वजनमाप खात्यात निरीक्षक आहे आणि दिवसभर सोलापूर जिल्ह्यातले काटे तपासत फिरतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ती भीतीपोटी पाव किलोच्या जागी अर्धा किलो वांगी घालायची. मग साहेब त्यातली चार वांगी उचलून परत तिच्या टोपलीत टाकायचे. "आता झाला अंदाज."

मी त्या ऑफिसात लिपिक म्हणून लागलो तेव्हा साहेब पन्नाशीच्या आसपास असावेत. बुटके, गोल, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. हसताना त्यांचे डोळे मिटायचे आणि हसू संपलं तरी थोडा वेळ मिटलेलेच राहायचे, जणू आत अजून काहीतरी चालू आहे. पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं.

"शिवानंद हिरेमठ," मी म्हणालो.

"म्हणजे जंगम, स्वामी! अक्कलकोटाकडचं का? घरात कन्नड?"

"हो साहेब."

"मी शमुवेल. ख्रिस्ती. घरात मराठी, देवळात मराठी, दुकानदार रागावला की तेलगू, कन्नड, जे समोरनं यील ते. तू मला सायेब म्हण, मी तुला स्वामी म्हणतो."

चर्चला ते देऊळच म्हणायचे. त्यांच्यातली जुनी माणसं तसंच म्हणतात, हे मला पुढे कळलं.

ऑफिसात त्यांना मागून 'दोनदा साहेब' म्हणत. कारण ते प्रत्येक काटा दोनदा बघायचे. लाकडी पेटीतली पितळी वजनं काढायची, दुकानातलं एकेक वजन त्यांच्याशी ताडून बघायचं, वहीत लिहायचं. झालं. मग पाच मिनिटं दुकानदाराशी पाऊसपाण्याच्या गप्पा, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी कंटाळून जायचो. "साहेब, आत्ताच बघितलं की." साहेब ऐकू न आल्यासारखं करायचे.

वैरागच्या एका किराणा दुकानातली गोष्ट. मालकानं आम्हाला बघताच चहा सांगितला. साहेब म्हणाले, "आधी काटा. चहा आधी पिला की काटा गोड दिसतोय." दोन किलोचं वजन खालून घासलेलं निघालं. मालक हात जोडून उभा राहिला. "सायेब, रोज देवाला हार घालतोय मी. एक सोमवार चुकवत न्हाय."

"लई चांगलं करताय," साहेब मनापासून म्हणाले. "पण त्यानं ह्या वजनाचं काय वाढत न्हाय की हो."

वजन जप्त केलं, केस लिहिली, मालकाची सही घेतली. आणि मग साहेब त्याच माणसाच्या गादीवर मांडी घालून बसले, चहा मागवला, त्याच्या मुलीच्या बारावीची चौकशी केली, तिला कुठल्या कॉलेजात घालावं यावर अर्धा तास बोलले आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे स्वतः दिले. निघताना मालक मला हळूच म्हणाला, "आसा मानूस बघितला न्हाय. केसबी केली आन राग बी यीना."

साहेबांना गाडी चालवता येत नव्हती. दौऱ्यावर माझ्या मोटारसायकलवर मागे बसायचे, मांडीवर पेटी घेऊन. तिथं आमचं खरं बोलणं व्हायचं. एकदा माढ्याहून परतताना मी सहज विचारलं, "साहेब, तुमच्यात दहा आज्ञा असतात ना?"

"असत्यात."

"त्या सगळ्या पाळल्या की माणूस स्वर्गात?"

"न्हाय."

मी गाडी हळू केली. "नाही म्हणजे?"

"म्हणजे पाळून कुणी पार झालेला न्हाय. समद्या पाळणारा माणूस मला अजून भेटला न्हाय, आरशात तर न्हायच न्हाय. तारण देव फुकट देतोय. कृपा म्हणत्यात तिला. ती घ्यायची, कमवायची न्हाय."

"मग आज्ञा पाळायच्या कशाला?"

समोर उसानं लादलेला ट्रॅक्टर डुलत चालला होता. साहेब म्हणाले, "ऊस बघ. अंगावर पडंल."

पुढे कितीतरी वर्षं मी हा प्रश्न विचारत राहिलो आणि साहेब दर वेळी वेगळं उत्तर देत राहिले. एकदा म्हणाले, "मार्था मला सोडून जाणार न्हाय, हे मला पक्कं ठावं हाय. म्हणून काय मी तिच्याशी खोटं बोलू?" एकदा एका दुकानात काट्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्यानं शंभर ग्राम कमी दावलं. दावलं, त्याचं काम झालं. आता ह्याच्याकडं बघत बसलो तर शंभर ग्राम भरून येणार हाय का? नियमशास्त्राचं, त्या आज्ञांचं, तसंच हाय. कमी किती ते दावतंय. भरणारा दुसरा लागतोय." हे मला बरंचसं पटायचं, पण पूर्ण नाही. फुकट मिळणार असेल तर माणूस नीट कशाला वागेल? घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "फुकट? मग रांग केवढी असंल!" साहेबांना मी हे सांगितलं. ते डोळे मिटून इतके हसले की पेटी मांडीवरून घसरली.

साहेब निवृत्त झाल्यावरही आमचं येणंजाणं राहिलं. गुडघे दुखायला लागले तेव्हा रविवारी सकाळी मी त्यांना चर्चला सोडायला जाऊ लागलो, आणि पेटी-तबल्यावरची गाणी ऐकायला आवडतात म्हणून मागच्या बाकावर बसू लागलो. साहेब तिथले पंच होते, म्हणजे कारभार बघणाऱ्या कमिटीवर. वीस वर्षं त्यांची जागा पहिल्या बाकावर, उजव्या टोकाला.

माझ्या शेजारी बसायची रूतम्मा. साठी ओलांडलेली, तेलगू, विधवा. शहराच्या पूर्व भागात लहानाची मोठी झालेली, दहाव्या-बाराव्या वर्षापासून विड्या वळणारी. आता कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात राहायची आणि दोन रिक्षा बदलून चर्चला यायची. बोटं तंबाखूनं पिवळी झालेली, तोंडाला मिश्रीचा वास. आपल्या वासाचा लोकांना त्रास नको म्हणून तीच मागं बसायची. गाणं मात्र सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची, अर्धी ओळ उशिरा. दर नाताळाला साहेबांच्या घरी तिचा करंज्यांचा स्टीलचा डबा यायचा, न चुकता.

मग चर्चला नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. तिशीचे, शिकलेले, मनानं अतिशय सरळ. त्यांचे वडील तंबाखूपायी तोंडाच्या कॅन्सरनं गेले होते. शेवटचे सहा महिने मुलानंच त्यांना नळीनं भरवलं होतं. मंडळी सुधारली पाहिजे असं त्यांना पोटतिडकीनं वाटायचं. त्यांनी नऊ कलमांची यादी केली. सिनेमा नको, शेजारच्या पूजेचा प्रसाद नको, असं बरंच. चौथं कलम होतं : तंबाखू खाणार नाही, विकणार नाही आणि तंबाखूचं काम करणार नाही. यादीखाली सही करणाऱ्यालाच प्रभुभोजन मिळेल.

प्रभुभोजन म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. बाहेरच्याला ते एवढंसं वाटतं. पण त्यांच्यात त्या ताटाला बसणं म्हणजे देवाच्या घरचं माणूस असणं.

कुणीतरी रूतम्माला यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरं हाय की," आणि बसून राहिली. तिला लिहिता येत नव्हतं, पण अंगठा उठवता आला असता. खोटा अंगठा उठवणं तिच्यानं होण्यासारखं नव्हतं आणि विड्या सोडल्या तर चूल पेटत नव्हती. त्या रविवारी ताट आमच्या बाकापाशी आलं तेव्हा तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि तसंच पुढच्या माणसाकडं दिलं.

साहेबांनी पहिल्या बाकावरून मान वळवून ते बघितलं.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी साहेब आत आले, सरळ मागं आले आणि रूतम्मा आणि माझ्यामध्ये बसले. ताट आलं. त्यांनीही ते पुढं दिलं. लोक माना वळवून बघायला लागले.

"सायेब, तुमी जावा की फुडं," रूतम्मा कुजबुजली. "माझ्यापायी का उपाशी?"

"मला हितं पंखा चांगला लागतोय."

त्या बाकावरचा पंखा दोन वर्षांपासून बंद होता.

घरी मार्थाकाकू चिडल्या. माझ्यासमोरच म्हणाल्या, "सही करायला काय झालं तुम्हाला? तंबाखू खात नाही, सिनेमा बघत नाही, जन्मात विडी ओढली नाही. नऊच्या नऊ कलमं पाळता की!"

"म्हणूनच की," साहेब म्हणाले.

तीन महिने असे गेले. गंमत करत होते, पंख्याची वगैरे, पण ते सोपं नव्हतं. पहिल्या रविवारी ते सकाळपासून काही खायचे नाहीत, जुन्या सवयीनं. ताट जवळ आलं की त्यांचा उजवा हात आपोआप अर्धा वर यायचा. मग ते तो खाली घेऊन मांडीवर ठेवायचे. मी शेजारी बसून ते बघत होतो. मला ना त्या ताटाशी देणंघेणं, ना त्या यादीशी, पण तो अर्धा वर आलेला हात बघवत नव्हता.

शेवटी पाळकांनीच उपासनेनंतर सगळ्यांना थांबवलं. चहाचं पातेलं बाहेर उकळत होतं. पाळक उभे राहिले. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं.

"रणखांबे साहेब, खरं सांगतो, ही यादी मी तुमच्याकडे बघून केली. या शहरात नियमानं जगणारा माणूस कोण, असं कुणीही विचारलं तर लोक तुमचं नाव घेतात. आणि तुम्हीच सही करत नाही. मग काय, नियम नकोतच म्हणता?"

साहेब बाकाला धरून उठले.

"नकोत कसं? जन्मभर नियमाचा पगार खाल्लाय मी." लोक हसले. साहेबही हसले, पण या वेळी डोळे उघडे होते. "पाळक सायेब, तुमी मला नियमाचा माणूस म्हणला. तर एक सांगायचं ऱ्हायलंय. मार्थालाबी सांगितलेलं न्हाय."

मार्थाकाकूंनी मान वर केली.

"नोकरीचं तिसरं वर्ष. पूर्व भागात एक रेशन दुकान हुतं. त्या दिवशी आमच्या पोरीचं शाळेत पयलं गॅदरिंग. ती मासोळी झाली हुती, कागदाची शेपटी लावून. मला उशीर झालता. मी दुकानात गेलो, पेटी उघडलीच न्हाय. वजनं तपासलीच न्हाईत. शिक्का मारला आन पळालो. वर्सानं दुसऱ्या निरीक्षकानं बघितलं, तर दहा किलोच्या वजनाच्या बुडातलं शिसं काढलेलं. जवळजवळ अर्धा किलो कमी. वरीसभर त्या गल्लीतल्या बायांना धान्य कमी गेलं, आन वजनावर शिक्का माझा हुता. दुकानदाराला दंड झाला. मला कुणी इचारलंच न्हाय. आन मीबी बोललो न्हाय."

कुणीतरी बाहेर जाऊन चहाचा गॅस बंद केला.

"तवापास्नं मी दोनदा बघतोय. ह्या स्वामीला इचारा. वाटायचं, दोनदा बघून बघून ते भरून निघंल. तीस वर्सं दोनदा बघितलं. त्या सालाचा एक दाणा परत गेला न्हाय. मी हितं ताटाला बसतोय ते माझ्या नियमावर न्हाय. मला त्यानं फुकट बसवलंय. आता सही करून बसलो, तर ते खोटं हुईल. तंबाखू वाईटच हाय. तुमच्या वडलांचं मला ठावं हाय, पाळक सायेब. यादी भिंतीवर लावा, मी रोज वाचीन. पर ती ताटाच्या आड नको."

रूतम्मा म्हणाली, "कुटलं दुकान, सायेब? हिरीजवळचं का?"

साहेब वळले. "व्हय."

"अय्यो! ते आमचंच की!"

साहेब बाकाला घट्ट धरून उभे राहिले.

"आमाला ठावं हुतं," रूतम्मा म्हणाली. भाजीचा भाव सांगावा तसं. "धान्य कमी येतंय, ते पोरांचं पोट सांगतंय की. आन शिक्का तुमचा, तेबी ठावं. बोलाया गेलं की दुकानदारच दावायचा. बघा म्हणायचा, रणखांबे सायेबाचा शिक्का हाय."

"तुला ठावं हुतं?" साहेबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आन तरीबी तू करंज्या धाडत हुतीस?"

"मंग? तुमी तवा नवीन पोरगं हुता. पळत आला, पळत गेला. मी म्हणलं, घरात कायतरी अडचन असंल ह्याच्या." ती हसली. मिश्रीनं काळे झालेले दात दिसले. "मासोळी हुती व्हय! आत्ता कळलं."

आधी कोण हसलं ते आठवत नाही. बहुतेक मार्थाकाकूच, पदर तोंडाला लावून, आणि रडतही त्याच होत्या. साहेब खाली बसले. डोळे मिटलेले. रूतम्मा त्यांच्या पाठीवर थोपटत राहिली आणि म्हणत राहिली, "तवाच सोडलं की हो. किती वर्सं धरून बसायचं?"

मग तरुण पाळक दारापाशी गेले, तिथं लावलेला यादीचा कागद काढला. फाडला नाही. आतल्या खोलीच्या भिंतीवर, वेळापत्रकाच्या खाली नेऊन लावला. ठराव वगैरे काही झाला नाही. कमिटीच्या सेक्रेटरींनी पेन उघडून विचारलं, "मिनिट्समध्ये काय लिहू?"

"चहा झाला असं लिहा," पाळक म्हणाले, आणि स्वतः गॅस पेटवायला गेले.

पुढच्या पहिल्या रविवारी पाळकांनी ताट घेऊन मागच्या बाकापासून सुरुवात केली. रूतम्मानं पिवळ्या बोटांनी तुकडा घेतला. मग साहेबांनी. द्राक्षरस त्यांनी इतक्या घाईनं तोंडाला लावला की अर्धा शर्टावर सांडला. पहिल्या बाकावर मात्र ते परत गेले नाहीत. कमिटीनं पंखा दुरुस्त करून दिला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी भर दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला.

"स्वामी! मग पाळायचं कशाला, मग पाळायचं कशाला, असं इचारत हुतास न्हवं?"

"हो साहेब."

"रूतम्मानं मिश्री सोडली!"

आणि फोन ठेवला. मला संध्याकाळपर्यंत काही कळेना. मग रविवारी तिलाच विचारलं, "कुणी सोडायला सांगितली?"

"कुणी न्हाय," ती म्हणाली. "तेच तर. त्येच्या ताटाला बसते, तोंडाला वास कशाला?"

विड्या ती अजून वळतेच. आणि मधे दोन वेळा तिला मिश्री लावताना बघितलं, असं मार्थाकाकूंनी साहेबांच्या कानावर घातलं होतं. साहेब म्हणाले, "लावू दे की. सोडतीय न्हवं?"

साहेब गेले ते मार्चमध्ये, सकाळी चहा पिता पिता. दफनाला मी होतो. सगळं सोलापूर आल्यासारखं वाटत होतं. वैरागचा तो किराणावालाही आला होता, त्याची मुलगी आता बँकेत आहे म्हणाला. पण मला साहेब म्हटलं की तो दिवस आठवत नाही. त्याआधीची, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आठवते.

डॉक्टरांनी त्यांना हृदयाच्या दुखण्यामुळे एक जिनासुद्धा चढायचा नाही असं बजावलं होतं. मी संध्याकाळी बायकोबरोबर जत्रेत फिरत होतो. भोंगे, धूळ, भज्यांचा घमघमाट. तेवढ्यात वरून कुणीतरी "स्वामी! ओ स्वामी!" असं ओरडलं. वर बघितलं तर मोठ्या आकाशपाळण्यात रणखांबे साहेब. शेजारी मार्थाकाकू, दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरलेला, डोळे घट्ट मिटलेले.

त्यांचा पाळणा खाली आला तेव्हा मी ओरडलो, "साहेब! डॉक्टरांनी चढू नका म्हटलंय की तुम्हाला!"

"चढलोय कुटं?" साहेब खिदळत म्हणाले. "बसलोय की नुसता! न्यायचं काम त्याचं!" आणि त्यांनी पाळणेवाल्याकडं हात केला.

पाळणा पुन्हा वर गेला आणि सगळ्यात वरती जाऊन थांबला. खाली दुसरी माणसं बसत होती. साहेब कठड्यावरून वाकून लांब कुठंतरी बोट दाखवत मला काहीतरी सांगत होते. भोंग्यांच्या गलबल्यात एक शब्द कळत नव्हता. मी मान वर करून, हात हलवत, "हो साहेब, हो," म्हणत राहिलो.